तिसऱ्या पानावर एकच नाव

गंगाखेडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत बन्सीधरचा फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर नाव बन्सीधरचं, पण लाइव्हचं काम असलं की गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, बाई आहेत का? बाई म्हणजे त्याची बायको राजेश्री. बन्सीधरला याचं वाईट वाटत नाही. त्याचा जीव अल्बममध्ये. लाइव्ह म्हटलं की तो मागं सरतो, कारण अल्बममधली चूक पुसता येते आणि लाइव्हमधली सगळ्या भावकीला दिसते.

राजेश्री शिकली बारावीपर्यंत, तीही सोनपेठला मावशीकडे राहून. हे काम तिला कुणी शिकवलं नाही. लॉकडाऊनमध्ये पन्नास माणसांत लग्नं लागायला लागली, तेव्हा उरलेल्या चारशे पाहुण्यांना कसं तोंड दाखवायचं या काळजीनं एक वधूपिता स्टुडिओत आला. बन्सीधर 'जमायचं नाही' म्हणणार, तेवढ्यात ही आतून 'करू की' म्हणाली आणि मग आठ दिवस तिनं झोपेचं खोबरं करून ते शिकून घेतलं. लग्न वेळेवर लागलं, वेळेवर दिसलं, आणि तेव्हापासून बाईंना फुरसत नाही.

काम ऐकायला सोपं आहे. कॅमेऱ्यातलं चित्र लॅपटॉपमध्ये येतं, आणि इंटरनेटवर लोक ज्या ज्या ठिकाणी पाहणार, त्या त्या ठिकाणी ते धाडायचं असतं. प्रत्येक ठिकाणाला एक पत्ता असतो आणि एक किल्ली, म्हणजे वीसेक अक्षरांची लांबलचक माळ. किल्ली ज्याच्या हातात, त्याचं चित्र त्या ठिकाणी दिसणार. राजेश्रीनं यासाठी शंभरपानी वही घातली आहे. एका ठिकाणाला एक पान. वर पत्ता, खाली किल्ली, आणि त्याच्या खाली 'कोण पाहणार'. हा शेवटचा रकाना तिच्या स्वतःच्या डोक्यातला. पाहणाऱ्याचं एक तरी नाव लिहिल्याशिवाय ती ठिकाण जोडत नाही. बन्सीधर हसायचा, की यंत्राला नाव कशाला लागतंय. यंत्राला लागत नाही, मला लागतं, असं ती म्हणायची.

तिचं माहेर राणीसावरगावच्या अलीकडे, डोंगराच्या अंगाला. यंदा तिथल्या जत्रेतल्या कुस्त्या लाइव्ह करायचं ठरलं आणि काम तिच्याकडे आलं. जत्रा कमिटीचे अध्यक्ष भुजंगतात्या. माणूस दिलदार, पण मानपानाच्या बाबतीत एकदम कडक. आवतण द्यायचं राहिलं म्हणून या गावात सख्खे भाऊ बारा-बारा वर्षं एकमेकांच्या दारात गेलेले नाहीत. त्यामुळे तात्या जत्रेआधी स्वतः घरोघर फिरतात, आणि जी माणसं बाहेरगावी आहेत, त्यांना गावाच्या ग्रुपवर आवतण टाकतात. शेवटच्या निकाली कुस्तीचं आवतण तर वेगळं. ते आदल्या दिवशी एकदा आणि ऐन वेळेला परत एकदा द्यायचं, हा रिवाज.

वहीचं पहिलं पान झालं गावाच्या यूट्यूब चॅनलचं, दुसरं कमिटीच्या फेसबुक पानाचं. दोन्ही तात्यांच्या नंबरावर उघडलेली, त्यामुळे किल्ल्या त्यांच्याच फोनवर आल्या आणि त्यांनी तिला पाठवल्या. ह्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत, असं तिनं बजावून सांगितलं. तात्यांनी मान डोलावली. मान डोलावणं आणि कळणं यांत किती अंतर असतं, ते पुढं दिसलंच.

तिसऱ्या पानाची गोष्ट मात्र निराळी. निकाली कुस्ती ज्या पोराची होती, तो राम. त्याची आई बबिता राजेश्रीच्या माहेरच्या शेजारची. नवरा गेल्यापासून बबिता दर साल दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला जाते, यंदा पार कर्नाटकात. पोरगा गंगाखेडच्या तालमीत वाढला. त्याला दूध-तूप मिळावं म्हणून ती कोयता चालवत राहिली, आणि कुस्त्यांचा हंगाम नेमका तोडीच्या हंगामात. रामनं सहा वर्षांत कितीतरी फड मारले. आईनं त्यातली एकही कुस्ती पाहिली नव्हती.

जत्रेच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. तिच्या उसाच्या फडात रेंज अशी, की उसानं भरलेल्या ट्रॉलीवर चढल्यावर कशीबशी एक काडी येते. मुकादमानं कुणाचं तरी लाइव्ह लावून पाहिलं होतं, तर नुसतं चक्र फिरत राहिलं. "राजेश्रीताई, मला लय काही नको," ती म्हणाली. "त्यो पडो का जिको. पण एक डाव मला त्याला मातीत उभा राह्यलेला बघायचाय."

राजेश्रीनं तिला शब्द दिला. दिल्यावर घाम फुटला, कारण रेंज काही तिच्या बापाची नव्हती. मग तिनं स्वतःच्या चॅनलवर एक आडोशाचं ठिकाण उघडलं, ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसेल असं, आणि त्यात चित्र बारीक करून, म्हणजे कमी रेंजवरही पोचेल असं हलकं आणि पुसट करून, धाडायला लागली. दोन दिवस संध्याकाळी बबिता ट्रॉलीवर चढायची आणि ही स्टुडिओत बन्सीधरला कॅमेऱ्यासमोर येरझाऱ्या घालायला लावायची. चक्र फिरलं की चित्र आणखी बारीक. चौथ्या खेपेला चक्र थांबलं. तोंड ओळखू येतं का, असं हिनं विचारलं. बबिता म्हणाली, तोंड नाही ओळखू येत, पण चाल ओळखू येती, आणि पोटच्या पोराची चाल ओळखायला तोंड कशाला लागतंय. राजेश्रीनं वहीत तिसऱ्या पानावर 'कोण पाहणार'च्या पुढं लिहिलं, बबितावहिनी.

भुजंगतात्यांनी ती वही पाहिली तेव्हा त्यांना हसू आवरेना. गावाचं चॅनल, कमिटीचं पान, आणि तिसरं एका माणसासाठी? एवढा खटाटोप एका बाईसाठी करत असशील तर तुझा धंदा बसलाच म्हणून समज, असं ते चारचौघांत म्हणाले. तिला राग आला होता. पण माहेरच्या वडीलधाऱ्या माणसाला उलटून बोलायची सवय नव्हती, म्हणून ती वायर गुंडाळत बसली.

जत्रेच्या दिवशी दुपारपासून हलगी कडाडायला लागली. नारळाच्या बक्षिसावरच्या कुस्त्या झाल्या, मग लहान गटाच्या, मग मोठ्या. आखाड्याच्या कडेला बाजेवर लॅपटॉप, त्याच्यावर ऊन लागू नये म्हणून बन्सीधर छत्री धरून उभा. गावाच्या चॅनलवर नऊशे माणसं, फेसबुकवर चारशे. तिसऱ्या ठिकाणी पाहणारा आकडा होता एक. राजेश्री मधूनमधून त्या एककडं बघायची आणि तो हलला नाही याची खात्री करून घ्यायची.

सूर्य डोंगराला टेकायला आला तशी निकाली कुस्ती पुकारली. रामच्या समोर लातूरकडचा पैलवान, वजनानं चांगला आठ-दहा किलो जास्त. तात्यांनी रिवाजाप्रमाणे ऐन वेळेचं आवतण ग्रुपवर टाकलं. नुसत्या आवतणानं त्यांचं समाधान होईना. बाहेरगावच्या माणसांपासून काय लपवून ठेवायचं, उद्या कुणी म्हणायला नको की आम्हांला अर्धंच सांगितलं. असा विचार करून त्यांनी फोनमध्ये कुस्त्यांसंबंधी जे जे होतं ते सगळं पुढं ढकललं. त्यात दोन्ही किल्ल्याही गेल्या.

भोसरीला कारखान्यात असलेला गावचाच सूर्यभान तिथल्या भजनी मंडळाचं लाइव्ह करतो. किल्ली म्हणजे काय, ते त्याला कळतं. अध्यक्षांनी आपल्याला खास किल्ली धाडली, म्हणजे मान दिला, आणि मान दिला तर तो घ्यायला पाहिजे, असं वाटून त्यानं ती आपल्या फोनात घातली आणि लाइव्ह सुरू केलं. त्याचं बघून हैदराबादकडच्या आणखी एकानं दुसरी घातली. रामनं समोरच्याच्या हाताला हात लावला, आणि त्याच क्षणी गावाच्या चॅनलवर सूर्यभानच्या खोलीतला पंखा फिरायला लागला. फेसबुकवर कुणाची तरी चप्पल दिसत होती.

ग्रुपवर बोंब उठली. कुस्ती कुठाय, पंखा का दिसायलाय, हे काय लावलंय. तात्या आखाडा सोडून धावत बाजेपाशी आले. तेराशे माणसांत गावाची अब्रू चालली होती, आणि ती कुणी घालवली हे त्यांना अजून उमगलं नव्हतं. सगळं बंद करून परत चालू कर, असा त्यांचा धोशा.

राजेश्रीनं ग्रुप उघडला, किल्ल्या पाहिल्या आणि काय झालं ते तिला एका नजरेत कळलं. नव्या किल्ल्या घेऊन सगळं परत जोडायला पाच-सात मिनिटं लागणार होती. तेवढ्यात कुस्ती निकाली निघाली तर? आणि सगळं बंद करायचं म्हणजे तिसरं ठिकाणही बंद पडणार. एक काडी रेंजवर अडकलेलं ते चित्र एकदा तुटलं तर पुन्हा लागेलच याचा भरवसा नव्हता. तिसऱ्या पानाची किल्ली तिनं कुणालाच दिली नव्हती, म्हणून तेवढं एकच ठिकाण शाबूत होतं. मातीत राम खाली सापडला होता.

"बंद कर म्हणतो न्हवं मी," तात्या ओरडले.

"बंद करणार न्हाई, तात्या," राजेश्री म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्या डोळ्यांत बघून बोलत होती. "त्याची माय बघायलीय."

एवढं बोलून तिनं तिसऱ्या ठिकाणाची लिंक ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, चित्र पुसट आहे, पण कुस्ती हीच आहे.

एकचे चाळीस झाले, चाळीसचे तीनशे, मग आकडा मोजायलाही कुणाला वेळ उरला नाही. भोसरी, हैदराबाद, पुणे, सगळीकडची माणसं पंखा आणि चप्पल सोडून त्या बारीकशा चित्रात घुसली. गावाच्या झगझगीत चॅनलवर चिटपाखरू उरलं नाही. आणि त्या पुसट चित्रात राम खालून निसटला, उठला, घुमला, आणि त्यानं लातूरच्या पैलवानाला अशी ढाक मारली की त्याची पाठ मातीला चिकटली. पंचानं रामचा हात वर केला. हलगीवाल्यानं तर भान सोडलं. बन्सीधरनं छत्री कुठं टाकली ते त्यालाही आठवत नाही.

राजेश्रीनं कॅमेरा रामवरून हलवला नाही. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला, आणि तो एकदा कॅमेऱ्याकडं वळून हात जोडून उभा राहिला. आई बघते आहे हे राजेश्रीनंच त्याला सकाळी सांगून ठेवलं होतं.

अर्ध्या तासानं तात्या परत आले. तोवर सूर्यभाननं ग्रुपवर माफी मागून किल्ली मिळाल्याबद्दल आभारही मानले होते, त्यामुळे किल्ल्या कुणी वाटल्या ते गावभर झालं होतं. तात्या बाजेच्या कडेला बसले. आवतण द्यायला गेलो आणि घराची किल्लीच वाटून बसलो, असं ते स्वतःच म्हणाले आणि पुढच्या सालच्या कुस्त्यांचा जिम्मा तिच्यावरच टाकला. मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, की तिथं सुरुवातीला एकच माणूस होतं ना?

तेवढ्यात राजेश्रीचा फोन वाजला. बबिताचा होता. तिनं तो तात्यांनाही ऐकू जावा म्हणून मोठ्यानं लावला, तर आधी बबिता ऐकूच येईना. नुसता आरडाओरडा, शिट्ट्या, कुणी पत्र्याचा डबा बडवत होतं. "सगळी टोळी ट्रॉलीवर हाय, राजेश्रीताई," बबिता रडत रडत म्हणाली. "चाळीस कोयत्यांची माणसं हायत. सगळ्यांनी बघितलं."

तात्यांनी बाजेवरची वही ओढली, राजेश्रीचा पेन मागून घेतला, आणि तिसऱ्या पानावर बबितावहिनी या नावाच्या पुढं आपल्या अक्षरात लिहिलं, 'आणि सगळं गाव'.