लेखकसाहेबांनी मला मारलं त्याची गोष्ट

एका अमेरिकन लेखकाने मला त्याच्या पुस्तकात घेतलं, असा मान आमच्या अख्ख्या टॅक्सी स्टँडवर दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही. घेतलं, आणि पहिलं प्रकरण संपायच्या आत मारून टाकलं.

मी वाचणाऱ्यातला माणूस नाही. शाळेने मला चौथीपर्यंत सहन केलं, मग दोघांनी एकमेकांचा नाद सोडला. पुढे जन्मभर पुण्यात टुरिस्ट गाडी चालवली. हे सुद्धा मी लिहीत नाहीये, फोनला सांगतोय आणि फोन लिहितोय. चूक दिसली तर ती फोनची, अक्कल दिसली नाही तर ती माझी.

बायको गेली तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा, एकटे राहू नका, चला जपानला. मुलगा आणि सून दोघं कॉम्प्युटरवाले, टोकियोच्या कडेला ग्योतोकुला राहतात. आलो. इथे मला काम एकच, कचरा वेगळा करायचा. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, कागद सुतळीने बांधून वेगळा. नात शिकवायची, तेही जपानीत ओरडून. चाळीस गाड्यांच्या गर्दीतून रिव्हर्स काढणारा मी, दह्याचा डबा हातात घेऊन विचार करत उभा असायचो.

आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर लेखकसाहेब राहायचे. अमेरिकन, उंच, पाठीत वाकलेले, अंगात कायम तोच तपकिरी स्वेटर. त्यांची बायको जपानी होती, ती वारली. बिल्डिंगमधले सगळे त्यांना सेन्सेई म्हणायचे, म्हणजे मास्तर. नदीच्या बांधावर एक बाक होता, तिथे सकाळी ते मांडीवर सुटे कागद घेऊन पेन्सिलीने काहीतरी करायचे. मी जाऊन शेजारी बसलो. दोन बिनबायकोचे म्हातारे आणि एक बाक, आणखी ओळख ती काय करून घ्यायची?

माझं इंग्रजी गाडीतलं. लेफ्ट, राइट, टी, टॉयलेट, व्हेरी ओल्ड टेंपल. त्यावर आमचं बरं चालायचं. ते मला ड्रायव्हर-सान म्हणायचे, म्हणजे ड्रायव्हरसाहेब. बोलायचे कमी आणि बघायचे फार. गाडी चालवताना आपण आरशात मागच्याला बघतो ना, तसं. तोंड नदीकडे आणि लक्ष माझ्यावर. मला वाटायचं, माझी मिशी त्यांना आवडलेली दिसते.

मग पितृपक्ष आला. अविधवा नवमी, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची तिथी. सुनेने ऑफिसचा कॉल म्यूट करून वडे तळले, खीर केली. मी ताट घेऊन खाली गेलो आणि कचरा ठेवायच्या जागेशेजारच्या कठड्यावर पान ठेवलं.

पुण्यात कावळ्याचे नखरे काय सांगू! तासभर काव काव करा, मेलेल्याला मनातल्या मनात शब्द द्या, तुझ्या भावाशी नीट वागेन म्हणा, तेव्हा कुठे तो शिवतो. इथे मी हात मागे घ्यायच्या आत पंख माझ्या कानाला घासून गेले. कोंबड्याएवढे कावळे, चोच मुठीएवढी. वडा, खीर, वरण-भात, सगळं साफ. एकाने कागदी ताट सुद्धा उचललं. शेवटचा कठड्यावर बसून माझ्याकडे एका डोळ्याने बघत राहिला.

मी वर जाऊन फुशारकी मारली, "बघ, सासूबाई तुझ्या तृप्त आहेत. काहीच इच्छा राहिली नाही."

सून म्हणाली, "बाबा, इथले कावळे डायपर पण शिवतात."

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्यासाठी येऊ लागले. बाल्कनीच्या दांडीवर बसून आत बघायचे. मी स्टेशनकडे निघालो की एक पुढच्या विजेच्या तारेवर, एक मागच्या. सून म्हणाली, इथले कावळे माणसाचं तोंड लक्षात ठेवतात. खाली कचऱ्यावरची जाळी त्यांनी ओढून फाडली, रस्ताभर माशाचे काटे. मग जिन्याच्या तोंडाशी नोटीस लागली. चित्रात एक कावळा, एक ताट आणि एक माणूस, त्यावर लाल फुली. नाव नव्हतं. गरजच नव्हती, माणसाला मिशी काढली होती.

कावळे मला घेराव घालत होते ते साहेबांनी खिडकीतून बघितलं होतं. त्या दिवसापासून त्यांची पेन्सिल धावत सुटली. बाकावर माझ्याकडे न बघता भराभर लिहायचे. एकदा म्हणाले, "ड्रायव्हर-सान, तू माझ्या पुस्तकात आहेस."

झालं. मी ग्योतोकुच्या इंडियन दुकानात जाऊन सगळ्यांना सांगितलं. तूरडाळ घ्यायला आलेल्या अनोळखी बाईला सुद्धा सांगितलं. ती म्हणाली, "अरे वा. जरा बाजूला होता का?"

थंडी सुरू झाली तेव्हा साहेबांनी एक दिवस माझ्या हातात कागदांची चळत दिली. हसले नाहीत. म्हणाले, "सुनेकडून वाचून घे. लवकर."

लवकर कशाला, असं माझ्या मनात आलंच नाही. मी नाचत घरी.

सून किचनमध्ये उभ्या उभ्या वाचायला लागली. मी समोर बसलो, चेहरा फोटोला देतात तसा करून. ती मोठ्याने वाचेना. पानं उलटत गेली. मग गॅस बंद केला.

"बाबा, जिना चढताना तुम्ही मध्ये थांबता?"

"चप्पल नीट करायला थांबतो."

"रोज?"

"चप्पलच तशी आहे."

"चालताना पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेता, आणि डावा हात झटकता?"

"कोण म्हणतं?"

"बोलता बोलता जबडा चोळता?"

माझा हात जबड्यावरच होता. काढून घेतला.

तिने मग सांगितलं. पुस्तकात एक परदेशी म्हातारा आहे, मिशीवाला. सगळ्यांना हसवतो. जिन्यात थांबला की कुणी बघत नाहीये ना बघतो आणि चप्पल नीट केल्यासारखं करतो. एका सकाळी तो कठड्यावर ताट ठेवायला जातो. कावळे येतात. ते ताटावर बसत नाहीत. कारण ताट अजून त्याच्या हातात असतं आणि तो खाली पडलेला असतो.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे तुम्ही नाही आहात."

बाहेर दांडीवर एक बसलेलाच होता. मी टाळी वाजवली, तो हलला नाही.

मुलगा आला, दोघं आतल्या खोलीत हळू आवाजात बोलले. सुनेने फोनवर साहेबांचं नाव शोधलं. पहिलं पुस्तक तरुणपणी आलं होतं, फार गाजलं होतं. फोटोत तर लेकाचा हिरो दिसत होता. त्या पुस्तकात त्यांच्या गावातला एक बाप बर्फावर मासे पकडताना मरतो. पुस्तक आलं आणि त्याच हिवाळ्यात त्यांचा खरा बाप गेला. दुसऱ्या पुस्तकात भाऊ दारूने जातो. खरा भाऊ पण तसाच गेला. तेव्हापासून गावाकडचे त्यांच्याशी बोलत नव्हते. मग कॉलेजात शिकवायची नोकरी, मग जपान, मग पुस्तकं पातळ होत गेली आणि वाचणारेही. आता ती कुठल्या दुकानात मिळत नाहीत.

मी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अर्थ काढला, हा माणूस यमाच्या ऑफिसात टायपिस्ट आहे. हा लिहितो आणि तिकडे माणूस उचलतात.

सून म्हणत होती, उद्याच डॉक्टरकडे चला. मी म्हणलं, डॉक्टर काय करणार? ज्याने लिहिलंय त्यालाच खोडायला सांगायला पाहिजे. हॉस्पिटलचा विषय निघाला की मी जोक मारायचो. सगळे हसले की विषय संपतो, हे माझं जन्माचं इंजिन ऑइल. सून हसली नाही. पहिल्यांदाच. 

दुसऱ्या दिवशी मी शिरा केला, तूप सोडून सोडून, आणि डबा घेऊन बाकाकडे निघालो. आमच्याकडे कुणाकडून काम करून घ्यायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत. सून ऑफिस टाकून मागोमाग आली. बांधाच्या पायऱ्या चढताना मी मध्ये थांबलो. चपलेकडे हात गेला आणि लक्षात आलं की मी बूट घातलेत.

वर साहेब बघत होते.

मी डबा पुढे केला. "सर. आय नो डाय. प्लीज. चेंज."

त्यांनी शिरा घेतला, मांडीवर ठेवला, उघडला नाही. मग सुनेकडे वळून हळूहळू बोलायला लागले आणि ती मला मराठीत सांगत गेली.

"ते म्हणतायत, मी कुणाला मारत नाही. मला दिसतं. वडील शर्टाच्या आतून छाती दाबायचे, ते मला घरातल्या सगळ्यांच्या आधी दिसलं. मी त्यांना काही बोललो नाही. मी घरी जाऊन लिहून काढलं. चांगलं लिहिलं गेलं. लोकांनी मला डोक्यावर घेतलं."

"भाऊ?"

"भावाचं तसंच, म्हणतायत. त्याचे हात सकाळी थरथरायचे. मला वाक्य सुचलं, फोन करायचं नाही सुचलं."

 नदीवरून वारा येत होता. मी बायकोबद्दल विचारणार नव्हतो. ते स्वतःच बोलले.

सुनेचा आवाज बारीक झाला. "ते म्हणतायत, बायको नळ सोडून खोकायची, ऐकू येऊ नये म्हणून. मी दाराबाहेर उभा राहून ऐकायचो आणि आवाजाला कुठला शब्द चपखल बसेल ते शोधायचो. शब्द सापडला तेव्हा ती हॉस्पिटलात होती."

मला जोक मारायचा होता. तोंडात आलाच नाही.

साहेबांनी मग मलाच सांगितलं, माझ्या गाडीतल्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून. "तिघांना मी सांगितलं नाही. तुला सांगतोय. शिरा नको. हॉस्पिटल. आज."

मी सुनेकडे बघितलं. ती आधीच टॅक्सी बोलवत होती.

हॉस्पिटलात मुलगा पण धावत आला. डॉक्टर पोरसवदा, वाकून वाकून बोलणारा. त्याने कागदावर हृदय काढलं. मला ते वांग्यासारखं दिसलं आणि मी तसं म्हणालोही. सुनेने त्याचं जपानी केलं नाही. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद होती. डॉक्टर म्हणाला, जिन्यात मी थांबत होतो, ते ही नळीच थांबवत होती, आणखी थोडे दिवस गेले असते तर बोलायला मी नसतो. मनगटातून तार घालून आत जाळी बसवली. मी जागा होतो. टीव्हीवर माझंच हृदय काळं-पांढरं फडफडत होतं, पंख मिटता उघडता येत नसलेल्या कुठल्यातरी पाखरासारखं. त्या टेबलावर मला कळलं की माझ्या पोटात एकही विनोद शिल्लक नाही. फक्त भीती होती आणि ती पुण्यापासून माझ्याबरोबरच आलेली होती. बायको गेली त्याच वर्षी हात झटकायला सुरुवात झाली होती. कुणाला सांगायचं? सांगायची बाईच गेली होती.

तिथे खिडकीबाहेर सुद्धा एक कावळा यायचा. सून म्हणायची, दुसरा आहे. मी हो म्हणायचो.

घरी सोडल्यावर महिनाभर मला खाली पाठवलं नाही. कचरा मुलगा टाकायचा. एक दिवस वर येऊन म्हणाला, "सेन्सेईंनी आज कागद न्यायच्या दिवशी गठ्ठे ठेवलेत. सुतळीने बांधलेले. सगळे पेन्सिलीने लिहिलेले कागद."

सून उठली आणि खिडकीशी गेली, पण कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. म्हणाली, "किती वर्षांनी लिहीत होते ते." मला तेव्हा एवढंच वाटलं की माझी फाईल क्लोज झाली. मोठा श्वास घेतला. छातीत काही अडलं नाही.

चालायची परवानगी मिळाली तसा मी पहिला बाकाकडे गेलो. जिन्यात थांबलो नाही, आणि हे कुणीतरी बघावं म्हणून दोनदा मागे बघितलं. साहेब तिथेच होते, मांडीवर कागद नव्हते. आणखी वाळले होते. मला बघून सरकून जागा दिली. मला वाटलं होतं, मिठी मारतील.

मी बसलो आणि सुरू झालो. ऑपरेशन, तार, वांगं, नर्सने मिशी मास्कमध्ये कोंबली ते. माझ्या गाडीतल्या इंग्रजीत सांगायला फार वेळ लागला. मग छाती पुढे काढून म्हणलं, "सर, आय लिव्ह. नाऊ न्यू बुक. ड्रायव्हर नो डाय. ड्रायव्हर हिरो."

साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. मी श्वास धरून बसलो, म्हणलं आता आणखी काय दिसतंय याला.

मग म्हणाले, "तसं लिहून बघितलं मी. मेलेला ड्रायव्हर गप्प होता, म्हणून वाचायला बरा होता. जिवंत ठेवला तर तो बोलायलाच लागला. कंटाळा आला मला. काढून टाकला."