कल्याणप्पाच्या मोटारीची कारहुणवी

नळदुर्गच्या पेठेत कल्याणप्पाचं पितळी भांड्यांचं दुकान होतं आणि त्या दुकानात पितळी भांडं मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं. गिऱ्हाईक समई मागायला यायचं. कल्याणप्पा आधी फळीकडं बघायचा, मग अंगणाकडं बघायचा आणि ओशाळून म्हणायचा, "समई होती. पण आता ती मोटारीला लागली."

ही मोटार त्यानं सत्तावन्न साली सोलापूरच्या एका डॉक्टरकडून घेतली होती. बंद टपाची, गोल नाकाची, काळीभोर, कुणालाही आवडावी अशी. कल्याणप्पाला मात्र ती आवडली नाही. त्याच्या मनात दुसरीच एक मोटार मुक्कामाला होती. तो दहा वर्षांचा असताना जहागीरदारांची उघडी मोटार दुकानासमोर पाणी प्यायला थांबली होती. घागरीएवढे पितळी दिवे, दोन्ही अंगांना लांबलचक पायऱ्या, कुशीला बांधलेलं जादा चाक आणि दाबला की रेड्यासारखा हंबरणारा रबरी भोंगा! पुढं निजाम गेला, जहागिऱ्या गेल्या, ती मोटारही कुठंतरी भंगारात गेली. भोंगा तेवढा कल्याणप्पाच्या कानात राहिला.

तेव्हा डॉक्टरची मोटार त्यानं म्हातारी करायला घेतली. जोडीला चाँदपाशा होता. हा पूर्वी जहागीरदारांचा ड्रायव्हर, आता हैदराबाद रस्त्यावर ट्रक दुरुस्त करायचा. टप कापायच्या दिवशी त्यानं करवत टपाला लावली आणि परत काढून घेतली.

"शेट, लोकं बुढ्ढी गाडी जवान करून घेत्यात. जवान गाडी बुढ्ढी करणारा पहिला आदमी तुमीच."

"काप तू."

"पाऊस आला तर?"

"जहागीरदार भिजायचे काय?"

"ते पावसात निघायचेच न्हाईत."

"मग आपण बी न्हाय निघायचं. काप!"

टप गेला. दोन पराती ठोकून दिव्यांच्या मागं बसल्या. समयांचे खांब दांड्या होऊन दाराला लागले. इंजिनाला पाणी पाजायचं जे तोंड नाकावर होतं, त्याला देवळाच्या कळसासारखं झाकण आलं. दोन वर्षांत मोटारीवर इतकं पितळ चढलं की चढण दिसली की ती थांबायची आणि उतार दिसला की कुणाचं ऐकायची नाही. दर सोमवारी कल्याणप्पा तिला चिंच लावून घासायचा.

त्याची बायको शरणम्मा उंबऱ्यावरून म्हणायची, "अय्यो शिवा! आमटीत चिंच न्हाय आन् मोटारीला चिंचेचं न्हाणं. सासऱ्यांनी भांडी विकली, ह्यांनी त्याच भांड्यांस्नी चाकं लावली."

हे सगळं छंदापुरतंच राहिलं असतं. पण कल्याणप्पाच्या काळजात एक काटा होता. ज्येष्ठी पौर्णिमेला तिकडं कारहुणवी असते, बैलांचा सण. संध्याकाळी वेशीत कडुलिंबाच्या डहाळ्यांचा दोर बांधतात, त्याला म्हणायचं कर. सजवलेले बैल पळत येतात. ज्याचा बैल कर तोडील, त्याला पाटील वेशीखाली फेटा बांधतात आणि बैलाच्या रंगावरून वर्षाचं पीक सांगतात. पांढरा असला तर ज्वारी, तांबडा असला तर खरीप. गावातल्या एकूण एक बैलाच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्या वीस वर्षं कल्याणप्पाच पुरवत होता. पण त्याला ना शेत, ना बैल. शिंगं सजवून द्यायची आणि आपण गर्दीत टाचा उंच करून बघायचं. गेल्या साली तो जरा पुढं सरकला, तर कुणीतरी दंड धरून त्याला मागं ओढलं. तो दंड त्याला वर्षभर दुखला.

एकोणसाठ सालच्या सणाआधी तो चावडीवर जाऊन उभा राहिला.

"यंदा कर तोडायला माझी मोटार पळणार."

पंच हसले. महारुद्र पाटील हसले नाहीत, कारण सहा वर्षं त्यांचाच बैल कर तोडत होता आणि फेटा ते स्वतःच स्वतःला बांधून घेत होते.

"कल्याणप्पा, सण बैलांचा हाय."

"मोटार पाणी पिती, हंबरती, चढाला बसती. बैल आणखी काय करतो?"

"शेण टाकतो," एक पंच म्हणाला.

"तेलाचे डाग टाकती की ही. अंगण बघा येऊन."

"आन् पीक कशावरनं सांगायचं? ती तर पिवळी."

"हरभरा सांगा!"

चावडीत हशा पिकला. तशी कल्याणप्पानं उपरणं झटकलं आणि शांतपणे म्हणाला, "बरं. यंदा शेंब्या मिळायच्या न्हाईत. लागल्यात सगळ्या मोटारीला."

उघड्या शिंगांचे बैल वेशीत नेणं म्हणजे नवरदेवाला बोडक्या डोक्यानं बोहल्यावर उभं करणं. पंचांना एकाएकी जुन्या रीतींचा सखोल अर्थ उमगला. जो ओझं वाहतो तो बैल, असं एकमतानं ठरलं. पाटलांनी मात्र बोट उगारलं, "पण बैलाचा एकूण एक विधी झाला पायजे. एक जरी चुकला तर मोटार बाद."

कल्याणप्पानं घरी येऊन शरणम्माला दहादा बजावलं, "एक बी विधी चुकवू नको. माझी इज्जत तुझ्या हातात हाय."

शरणम्मा मोटारीवर कितीही तोंड टाकत असली, तरी नवऱ्याच्या इज्जतीला ती कमी पडणारी नव्हती. सणाच्या दिवशी तिनं मोटारीला न्हाऊ घातलं. दिव्यांना हळदकुंकू लावलं, झूल पांघरली, पुढं दोन शिंगं बांधून शेंब्या चढवल्या. आणि बैलाला सणादिवशी बांबूच्या नळीनं ताकातली हळद, करडईचं तेल आणि ज्वारीची आंबील पाजतात, तीही पाजली. तोंड शोधायला तिला अडचण पडली नाही. चाँदपाशा रोज पाणी कुठं पाजतो ते ती बघत होतीच. कळस काढला, नळी लावली आणि दोन घागरी आंबील प्रेमानं रिचवली.

ऊन कलल्यावर हलग्या वाजल्या. पुढं चाळीस बैल, मागं मोटार. चाँदपाशा स्टिअरिंगवर, बाजूला कल्याणप्पा, जहागीरदारांसारखी मान ताठ करून. इशारा झाला. कल्याणप्पानं भोंगा दाबला. त्याच क्षणी मोटारीच्या पोटातली आंबील शिजली. कळस हवेत उडाला आणि पिवळ्या आंबिलीचं कारंजं फुसफुसत वर गेलं. बैलांनी मागं वळून बघितलं. असला बैल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. चाळीसच्या चाळीस शेपट्या वर करून बोरी नदीकडं उधळले, त्यांच्यामागं त्यांचे धनी.

मोटार दोनदा खोकली आणि वेशीपासून पन्नास पावलांवर गप्प झाली.

चाँदपाशानं फडक्यानं तोंड पुसलं, बोट चाटलं. "शेट, इंजिनात कढी हाय."

"विधी हाय तो," शरणम्मा गर्दीतून म्हणाली. "तुमीच म्हणला, चुकवू नको."

सूर्य किल्ल्याच्या बुरुजाला टेकला होता. मावळायच्या आत कर तुटली नाही तर वर्ष वाईट जातं. पाटील वेशीतून ओरडले, "बैल आणा रे कुणीतरी!" पण बैल नदीपार होते.

कल्याणप्पा खाली उतरला. त्यानं धोतराचा काचा मारला, मोटारीला दोर बांधला, दोर खांद्यावर घेतला आणि मान खाली घातली. दुकानाच्या गादीवर पन्नाशी गाठलेला तो देह. पहिल्या हिसक्याला मोटार हलली नाही, कल्याणप्पाचीच हाडं वाजली. दुसऱ्या हिसक्याला चाक फिरलं. हलग्यांनी ठेका धरला, बघ्यांनी आरोळी दिली. दोन वर्षांचं पितळ ओढत, घामानं निथळत तो पन्नास पावलं चालत गेला आणि कपाळानं कर तोडून वेशीच्या आत पडला.

जल्लोष झाला. पण पंचांपुढं पेच होता.

"कर तोडली कुणी?"

"कल्याणप्पानं. मोटार मागं होती."

"म्हणजे बैल कल्याणप्पा." पाटलांनी त्याला नीट न्याहाळलं. "अंगानं काळा, कपाळाला पांढरी विभूती. उडीद चांगला, ज्वारी बेताची."

कल्याणप्पा धापा टाकत उठला आणि फेट्यासाठी डोकं पुढं केलं. पाटलांनी फेटा मागं घेतला.

"थांबा. फेटा धन्याला असतो, बैलाला न्हाय. ह्या बैलाचा धनी कोण?"

शरणम्मा पुढं आली. मोटारीच्या नैवेद्याचं सूप तिच्या हातात होतं.

"मी," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं वैरणपाणी मीच बघती."

पाटलांनी हसू दाबत फेटा आणि नारळ तिच्या ओटीत घातले. तिनं फेटा काखेत मारला आणि सूप नवऱ्यासमोर धरलं. सबंध नळदुर्ग वेशीखाली उभ्या असलेल्या कल्याणप्पाकडं बघत होतं. त्यानं ताठ उभं राहून पोळीचा मोठा घास घेतला, चवीनं चावला.

"पुरणात गूळ कमी पडलाय," तो म्हणाला.

"गप खा," शरणम्मा म्हणाली. "बैल बोलत न्हाईत."