न लागलेला धक्का

माझा मामा चष्मे बनवायचा. दुकान एवढंसं. दारातून आत गेलं की काउंटर, त्यामागे काच घासायचं यंत्र आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाइकाच्या नुसत्या "हो, दिसतंय" वर त्याचा कधीच विश्वास बसायचा नाही. म्हणायचा, "माणसं भिडेखातर हो म्हणतात. समोरचा इतकी खटपट करतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?" मग तो हळूच भिंग काढून घ्यायचा, रिकामी फ्रेम डोळ्यांवर ठेवायचा आणि विचारायचा, "आता?" काही जण तरीही सांगायचे, "हां, आता अगदी स्वच्छ." मामा हसायचा नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा.

असा पारखी माणूस गुरूच्या बाबतीत कसा फसला, हे त्याला स्वतःलाही पुढे कधी धड सांगता आलं नाही.

सुरुवात झाली मामीच्या पाठीपासून. ती नर्स. रोग्यांना उठवून-बसवून तिची कंबर धरली होती. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला 'ताई ची' ही संथ हालचालींची चिनी विद्या शिकायला सुचवलं. मामाचे खांदेही यंत्रावर वाकून वाकून आखडले होते, तेव्हा दोघं जोडीने जायला लागली. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक वयस्क चिनी बाई शिकवायच्या. खाली यंत्र सुरू झालं की वर फरशी थरथरायची. बाईंनी ही विद्या वडिलांकडून घेतली होती, पण त्याचा कुठे बोर्ड नव्हता की फोटो नव्हता. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे.

बाई उभं राहायला शिकवायच्या. बस, उभं राहायला. खांदे सोडायचे, श्वास अडवायचा नाही, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचा. वळायचं ते खुब्यातून, गुडघा पिरगाळून नाही. जोर हाताचा नसतो, तो जमिनीतून पायात, पायातून कमरेत आणि मग हातात येतो, असं त्या मोजक्या शब्दांत सांगायच्या आणि मग प्रत्येकाजवळ जाऊन एखाद्या जागी बोट टेकवायच्या. "इथे अडलंय." बोट काढलं की तिथलं अवघडलेपण आपलं आपल्याला कळायचं.

शेवटी त्या स्वतः पुढे उभ्या राहायच्या. "ढकला मला." कुणीही ढकलावं. पाण्यावर तरंगणारा ओंडका दाबावा तसं व्हायचं, जोर लावायला जागाच सापडायची नाही. एकदा मात्र एका नव्या मुलीने ढकललं आणि बाईंचा तोल गेला. त्या हसल्या, म्हणाल्या, "चूक माझी. मी घाई केली. पुन्हा ढकल."

मामाला ते खटकलं. घरी येताना म्हणाला, "गुरूच डगमगला तर शिष्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"अहो, डगमगल्या म्हणून तर कळलं, की बाकीच्या वेळी त्या खरोखरच उभ्या असतात," मामी म्हणाली.

मामाने कानाआड केलं. त्याला नवं काही शिकायचं होतं. बाई दर आठवड्याला तेच उभं राहणं आणि तीच एक हालचाल घोटून घ्यायच्या. तो कुरकुरला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हाला गोळा करायची घाई आहे. इथे आधी सोडायचं असतं." हे ऐकून तो जो निघाला, तो ताई चीच शिकवणाऱ्या एका मास्टरांच्या हॉलमध्ये पोचला.

तो हॉल मीही पाहिलाय. एका भिंतीला आरसे, गुळगुळीत लाकडी जमीन, आणि समोर छताला भिडणारा गुरुपरंपरेचा तक्ता, त्याच्या अगदी शेवटी मास्टरांचं नाव. मास्टर रेशमी सदऱ्यात यायचे, आवाज खर्जातला. मामाला त्यांनी बघता बघता सगळ्या हालचाली शिकवल्या, मग तलवार, मग पंखा. बैठक इतकी खोल घ्यायला लावायचे की मांड्या पेटायच्या. कुणी गुडघा दुखतो म्हणालं तर उत्तर ठरलेलं: "जुनं दुखणं बाहेर पडतंय." मास्टरांना मात्र कुणी हात लावायचा नाही. ते नुसता हात उगारायचे आणि समोरचा शिष्य चार हात मागे फेकला जायचा. मामा त्या फेकल्या जाणाऱ्यांमधला पहिला झाला. ढोंग नव्हतं ते. त्याला खरंच काहीतरी जाणवायचं. मास्टरांनी नजर रोखली की पाय आपोआप सुटायचे. घरी तो त्याचं इतकं रसभरीत वर्णन करायचा, की मामी शेवटी म्हणायची, "बरं बाई, पडा. पण जेवून पडा."

ती बाईंकडेच जात राहिली.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात एक साधी गोष्ट घडली. मामी ओट्याशी भांडी विसळत होती. मामाला मास्टरांनी नुकताच एक खास धक्का शिकवला होता. "जरा इकडे वळ, तुला दाखवतो," म्हणून त्याने तिच्या खांद्यांवर हात ठेवले आणि जोर लावला. मामी जागची हलली नाही. उलट मामाच मागे सरकला आणि त्याची पाठ फ्रिजवर आपटली. ओल्या हातांनी मामी धावली.

"लागलं का हो?"

"तू काय केलंस?"

"काही नाही. तुम्ही खांदा ताठ केलात तेव्हाच कळलं कुठून येताय ते. मी नुसती उभी राहिले."

त्या दिवशी मामाने दुकान उशिरा उघडलं. संध्याकाळी त्याने मास्टरांना विचारलं, "मी तुम्हाला एकदा ढकलून बघू का?" मास्टरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ज्याच्या मनात शंका शिरते, त्याच्यात शक्ती उतरत नाही." आजूबाजूचे शिष्य खाली बघायला लागले. मामा वरमला, पण शंका काही गेली नाही.

थोड्याच दिवसांनी मास्टरांनी मोठं प्रात्यक्षिक ठेवलं. मी गेले होते. माझ्या शेजारी टॅक्सीकाका बसले होते, मामाचे शाळेपासूनचे दोस्त. दिवसभर क्लच दाबून त्यांचा डावा गुडघा कुरकुरायला लागला होता. मंचावर पुढे काय झालं ते मामाने मला नंतर सांगितलं, कारण खाली बसून काहीच कळलं नव्हतं. त्याने मनाशी ठरवलं होतं, आज आपण होऊन पडायचं नाही. मास्टरांचा तळवा आला, छातीला टेकला. काही झालं नाही. नुसता एक ऊन, घामट हात. मामा उभाच होता. खाली लोकांना वाटलं, शक्ती साठतेय. मास्टरांचे ओठ हलले न हलले.

"पड," ते पुटपुटले.

आणि मामा पडला. सवयीने, भिडेने, की त्या माणसाच्या कपाळावरचा घाम बघवेना म्हणून, देव जाणे. पण झकास पडला, दोन कोलांट्या घेऊन. टाळ्यांचा कडकडाट झाला. टॅक्सीकाका टाळ्या वाजवत माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंस? हात टेकला नुसता."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले. "चष्म्या, खरं सांग. ते खरंच असतं का रे? मी नाव घालू का तिथे?"

त्या वेळी एकच खरं वाक्य बोलायचं होतं. मामा भिंग पुसत म्हणाला, "तू बघितलंस की डोळ्यांनी."

टॅक्सीकाका मन लावून शिकले. काहीही करायचं ते जीव ओतून, असा त्यांचा स्वभाव. खोल बैठक, गुडघा पिरगाळून वळणं, सगळं. दुखायला लागलं तेव्हा जुनं बाहेर पडतंय म्हणून आणखी खाली बसले. एका संध्याकाळी गुडघ्यात कट् असा आवाज आला आणि त्यांना दोघांनी धरून टॅक्सीत घालावं लागलं, दुसऱ्याच्या टॅक्सीत. शस्त्रक्रिया झाली, पण क्लच काही पुन्हा दाबवेना. गाडी गेली. ते एका गॅरेजमध्ये फोन घ्यायला बसू लागले. मास्टर दवाखान्यात फिरकले नाहीत. त्याच आठवड्यात मामाने तो हॉल सोडला.

मामीने त्याला पुन्हा छापखान्याच्या जिन्याने वर नेलं. बाई थकल्या होत्या, खुर्चीत बसून शिकवायच्या. काही विचारलं नाही त्यांनी. त्याला उभं केलं आणि खांद्याला नुसतं बोट लावलं. मामा तीन पावलं मागे गेला. पुन्हा लावलं, पुन्हा गेला. त्याला थांबायचं होतं, पण पाय ऐकत नव्हते.

"हे पडणंच शिकलेत," बाई मामीला म्हणाल्या. "कोरा माणूस लवकर शिकतो. यांचं शिकलेलं आधी पुसायला लागेल. मला वाटतं, तेवढा वेळ आता माझ्याकडे नाही." तो रागही नव्हता आणि टोमणाही नव्हता. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी वर्ग बंद केला आणि लेकीकडे राहायला गेल्या.

टॅक्सीकाकांना खरं सांगायला मामाने फार दिवस लावले. शेवटी गॅरेजमध्ये गेला. मी बरोबर होते.

"त्या दिवशी त्यांचा धक्का लागलाच नव्हता," मामा म्हणाला. "मी आपणहून पडलो."

टॅक्सीकाकांनी वाजणारा फोन वाजू दिला. मग म्हणाले, "मी दुकानात येऊन विचारलं होतं तुला."

"हो."

"मग?"

"लाज वाटली."

"मला पण वाटली असती," टॅक्सीकाका म्हणाले. "पण मी तुला सांगितलं असतं रे." आणि त्यांनी फोन उचलला.

भांडण असं झालं नाही. रस्त्यात भेटले तर दोघं थांबतात, पोराबाळांची चौकशी करतात. गुडघ्याचा विषय कुणी काढत नाही. टॅक्सीकाकांची सून परवा सांगत होती, त्यांनी चष्मा दुसरीकडून करून घेतला.

आता रोज सकाळी मामी मामाला गच्चीवर उभं करते. ती काही त्या बाईंसारखी शिकवणारी नाही, तिला सगळं येत नाही, हे ती आधीच सांगते. ती त्याच्या खांद्याला बोट लावते, तो मागे जातो, ती म्हणते, "असू दे. पुढे या." आणि तो पुन्हा पुढे येऊन उभा राहतो.