बिनपंचाची तबकडी

१९७३ सालचा हिवाळा होता. तुरी सोंगायला आल्या होत्या. तेव्हापासून लोणारात तबकडीचे किस्से साठत आले आहेत. चार माणसं बसली की एक जण सुरू करतो, दुसरा त्यात आपला मीठमसाला घालतो आणि तिसरा मला विचारतो, "काऊन नामदेवभाऊ, असंच झालतं ना?"

तसं झालेलं नसतं. मग मला बोलावं लागतं. मैदान माझं होतं आणि तबकडी माझ्या घरी खुंटीला असायची, म्हणून.

*

एक गोरा पाहुणा सरोवराचे दगड तपासायला आला होता. दिवसभर दगड फोडायचा आणि संध्याकाळी माझ्या पडीक तुकड्यावर प्लास्टिकची तबकडी फेकायचा. ती घारीसारखी तरंगायची. त्याच्या देशातल्या पोरांनी तिचा नवीन खेळ काढला होता. नियम तो इंग्रजीत सांगे, हायस्कूलचे मास्तर मराठीत करत.

सात गडी इकडे, सात तिकडे. तबकडी हातात आली की चालायचं नाही, एक पाय रोवून दुसऱ्या गड्याकडे टाकायची. खाली पडली की समोरच्यांची. अंगाला हात लावायचा नाही. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात झेलली की एक गुण.

इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मास्तर म्हणाले, "या खेळात पंच नाही. चूक झाली तर ज्याच्यावर झाली त्यानं बोलायचं. झेल साफ होता की खाली लागला, हे झेलणाऱ्यानं सांगायचं. त्याचा शब्द शेवटचा."

आमचा ट्रॅक्टरवाला श्यामराव म्हणाला, "पंच नाही? मंग भांडाचं कोनासंग?"

पाहुणा जाताना तबकडी मला देऊन गेला. मास्तरांकरवी एवढंच म्हणाला, "नियम सांभाळा." मी हो म्हणालो. तिथेच फसलो!

*

श्यामरावला उभं राहणं माहीत नव्हतं. तबकडी हातात आली की तो पळत सुटायचा.

"श्यामराव, थांब!"

"मंग पाय कायले देले देवानं?"

आठ दिवस मी ओरडलो. नवव्या दिवशी त्याने तबकडी झेलली आणि डावा पाय असा रोवला, जसा जमिनीत खुंट ठोकावा. तेवढ्यात रस्त्याने एक बैल दावं तोडून आला. सगळे पांगले. बैल सरळ श्यामरावकडे. श्यामराव वाकला, कलला, उजवा पाय चारी दिशांना फिरवला, डावा हलवला नाही! बैलाचं शिंग त्याच्या सदऱ्यात शिरून बाहेर निघालं. सदरा गेला, पाय तिथेच.

मी धावत गेलो. "पाय उचलता येत नाही का बे?"

"उचलला असता तर तुम्हीच बोंबलले असते!"

*

तबकडी ज्याच्या हाती आहे, त्याच्यासमोरच्या गड्याने मोठ्याने दहा मोजायचे. दहाच्या आत टाकली नाही तर तबकडी गेली. सोपं काम. मी ते महादूला दिलं, कारण मोजणं त्याचा धंदाच होता. बाजारात तो मापारी होता.

आमच्याकडचा मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. आणि पुढचं माप भरेपर्यंत तोच आकडा घोळवत राहतो, विसर पडू नये म्हणून.

महादू समोरच्यापुढे उभा राहिला आणि सुरू झाला. "लाभ हो लाभ, लाभ हो लाभ, लाभ हो लाभ..."

"महादू, पुढं जाय!"

"दोन हो दोन, दोन हो दोन..."

"अरे लवकर!"

त्याने रागाने मागे पाहिलं. "माप भरलं नाही अजून, भाऊ!"

तो चारवर येईपर्यंत समोरच्याने बिडी पेटवली होती. खेळताना बिडी ओढायची नाही, असं पाहुण्याने काही सांगितलं नव्हतं.

*

अंबादास टेलर जुना हुतुतूवाला. माणूस जवळून गेला की त्याचे हात आपोआप पायाकडे जायचे. एकदा खुद्द मास्तर तबकडीमागे पळत होते. अंबादासने मागून सूर मारला आणि त्यांचे दोन्ही पाय धरले. मास्तर तोंडावर पडले. चष्मा एकीकडे, तबकडी दुसरीकडे.

"अंबादास! अंगाला हात लावाचा नाही!"

अंबादास पाय न सोडता म्हणाला, "हात कुठं लावला भाऊ? वयानं मोठे हायेत, पाया पडलो."

आता ज्याच्यावर चूक झाली, त्याने बोलायचं. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मातीतून उठले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी राहा."

काय करणार? खेळ पुढे चालू!

*

शेजारच्या बीबी गावचे दगडूभाऊ दर आठवड्याला वांगी घेऊन लोणारच्या बाजाराला येत. माल खपला की मैदानावर येत. उंच माणूस, हात लांब. खेळ त्यांनी आमच्याकडे पाहूनच उचलला आणि बीबीत सात गडी तयार केले. एक दिवस म्हणाले, "नामदेवभाऊ, होऊन जाऊ द्या सामना. जिंकल त्याची तबकडी."

मास्तर माझ्या कानात म्हणाले, "नाही म्हणा. तबकडी एकच आहे."

गावासमोर नाही कसं म्हणणार? मी हो म्हणालो.

सामना बीबीच्या शिवारात झाला. पंधरा गुणांचा. चौदा-चौदा झाले. त्यांच्या गड्याने लांब फेकली. दगडूभाऊंनी टोकाच्या पट्ट्यात पालथं पडून ती पोटाखाली घेतली. आमच्यापैकी कोणालाच काही दिसलं नाही. मी जवळ गेलो. ते उठले. तबकडीच्या कडेला ओलं शेण होतं. जिथे पडले, तिथे शेणाचा पोवटा होता आणि पोवट्यावर तबकडीच्या कडेची कोर उमटलेली होती. त्यांच्या अंगाला काही लागलेलं नव्हतं.

मी विचारलं, "दगडूभाऊ, खाली लागली?"

त्यांचे गडी ओरडत होते. गावातल्या बायकाही बांधावर उभ्या होत्या. दगडूभाऊ पोवट्याकडे न पाहता म्हणाले, "नाही लागली."

श्यामराव उसळला. "शेन का हवेत उडते बे?"

"श्यामराव, गप! झेलणाऱ्यानं सांगितलं. झालं."

"भाऊ, डोळ्यानं दिसून राह्यलं!"

"नियम डोळ्याचा नाही, शब्दाचा हाय."

तबकडी गेली. मी फक्त एवढं म्हणालो, "दगडूभाऊ, धुऊन ठेवजा."

परतीच्या एसटीत सगळे माझ्यापासून दूरच्या बाकांवर बसले.

*

पुढचं वर्ष बिनतबकडीचं गेलं. अंबादासने पुठ्ठा कापून त्यावर कापड शिवलं. ते उडायचं नाही, नुसतं पडायचं. श्यामराव घरून पितळी ताट घेऊन आला. ते उडालं! मास्तरांच्या कपाळावर टाके पडले. संध्याकाळी श्यामरावची बायको मैदानावर आली आणि म्हणाली, "माह्या माहेरचं ताट द्या. डोकं तुमचं तुम्ही पाहून घ्या."

मैदानात मी हरभरा पेरला. पाहुण्याला हो म्हटलेलं रोज आठवायचं.

दगडूभाऊ बाजाराला येत होते. मैदानाकडे फिरकत नव्हते. मी दिसलो की तराजूकडे पाहत. मी वांगी दुसऱ्याकडून घेत होतो.

*

हरभरा निघाला आणि दगडूभाऊंचा निरोप आला. तबकडी घेऊन येतो, सामना खेळू, जिंकल त्याची. आम्ही कोणी मागितला नव्हता. बीबीचे गडी चिडलेलेच आले. त्यांना हा सामना नको होता.

या वेळी माझ्या शेतात. ढेकळं फोडून जमीन सपाट केली होती. महादूला मी दूर उभं केलं. चुरस लागली, ओढाताण झाली आणि पुन्हा चौदा-चौदा.

त्यांच्या गड्याने फेकली. छान, सरळ, छातीच्या उंचीवर. दगडूभाऊ टोकाच्या पट्ट्यात एकटे उभे होते. जवळपास आमचा कोणी नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी, छातीशी, उभ्याने झेलली. बीबीवाले नाचायला लागले. श्यामराव मटकन खाली बसला. मी मास्तरांना म्हणालो, "चला."

"थांबा," दगडूभाऊ म्हणाले. "खाली लागली."

सगळं मैदान त्यांच्याकडे पाहायला लागलं.

"काय बोलून राह्यले, भाऊ?" त्यांचाच गडी ओरडला. "छातीशी झेलली तुम्ही! साऱ्यायनं पाह्यलं!"

"झेलली कोनं?"

"तुम्ही."

"मंग मी सांगतो. लागली."

त्यांनी तबकडी जमिनीवर ठेवली आणि बाजूला झाले. मी उचलली. पाय रोवला. श्यामरावकडे टाकली, त्याने अंबादासकडे, अंबादासने मास्तरांकडे. मास्तरांनी समोरच्या पट्ट्यात झेलली.

दगडूभाऊंनी मास्तरांकडून तबकडी मागून घेतली. खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तिची कड गोल फिरवून पुसली. कडेला काहीही लागलेलं नव्हतं. मग ती माझ्या हातात दिली.