टाकीवरच्या गिरिधरभाऊंचं मुरलेलं पाणी

झाशी राणी चौक आला तरी गिरिधरभाऊंनी हातातला डालड्याचा डबा एकदाही खाली ठेवला नव्हता. तेलंगखेडीच्या मारुतीहून महालात पायी परतायचं, हा प्रेमिलाबाईंचा दर शनिवारचा नेम. आज शेजारचे भाऊ आपणहून सोबत निघाले. देवळात मात्र त्यांचं लक्ष नव्हतं. येताना धरमपेठेत एका म्हाताऱ्या प्रोफेसरांच्या घरात ते शिरले आणि डबाभर ओली रेती घेऊन बाहेर आले.

"रेती आपल्याकडे मिळत नाही का, भाऊ?"

"मिळते. पण ते सोच्छ असते. हे पाच वर्सं माशाइच्या घाणीत मुरली आहे, वहिनी."

प्रेमिलाबाईंनी पदर नाकाला लावला. भाऊ तीस वर्षं शहराच्या पाण्याच्या टाकीवर होते. ब्लिचिंग पावडर त्यांच्या हातून पडल्याशिवाय अर्ध्या नागपूरचं पाणी प्यायलं जात नसे. गल्लीत कुणाचं पोट दुखलं, की भाऊ आधी त्याच्या माठात डोकावत. आणि हाच माणूस आज घाण मागून आणत होता, तीही डब्याला झाकण न लावता, आतल्या जिवांना हवा लागते म्हणून.

याला कारण रुख्मिणी, भाऊंची बायको. पौषात ती न्हाणीत पडली, मांडीचं हाड मोडलं, खाटेला खिळली. तिनं भिंतीकडे तोंड केलं आणि बोलणं टाकलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण बाईला उठायचं मन पाहिजे. भाऊंनी विचार केला, ती भिंतच पाहते तर भिंतीशी काहीतरी पाहण्यासारखं असावं. त्यांनी बर्डीच्या बाजारातून काचेची पेटी आणि आठ सोनेरी मासे आणले. नळाचं ताजं पाणी भरलं आणि सवयीनं वरून चिमूटभर पावडर टाकली.

सकाळी आठही मासे पोट वर करून तरंगत होते. रुख्मिणी चार महिन्यांनी बोलली, ती एवढंच, "मारले तुमी."

दुसऱ्या खेपेला पावडर वगळली, विहिरीचं पाणी घेतलं. सहा मासे फिरू लागले, तशी रुख्मिणीनं आपणहून उशी मागितली. भाऊंना हुरूप आला. देवाची भांडी घासावी तशी रोज सकाळी ते रेती, काच, पाणी गाळणाऱ्या पंपातला कापूस, सगळं धुऊन लख्ख करू लागले.

त्यात आली एकादशी. त्या दिवशी प्रेमिलाबाई गल्लीतल्या बायांना पोथी वाचून दाखवत; ती संपली की बाया रुख्मिणीला पाहायला जात. शुक्रवारी नावाच्या तलावात माशांना कणकीच्या गोळ्या टाकल्या की पुण्य लागतं, हे सगळ्यांना ठाऊक. इथे तर मासे घरातच. भाऊ म्हणाले, नका टाकू. त्यावर त्यांतली रंभाबाई शेजारणीला म्हणाली, "पाह्य वं, भाऊ पुण्यालेही ब्लिचिंग लावून राहिले." अकरा जणींनी पुण्य केलं. खोटं कशाला सांगा, दोन गोळ्या प्रेमिलाबाईंच्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं आणि तिसऱ्या दिवशी मासे गेले. भिंतीकडे आता ती पेटी होती, म्हणून रुख्मिणीनं डोळे मिटून घेतले. म्हणाली, "पुढचे मेले तर म्या बी त्याइच्या मांगंच गेली समजा."

बर्डीचा दुकानदार ओमप्रकाश भाऊंवर चिडलाच. माशांच्या घाणीचं विष होतं, ते खाणारे बारीक जीव रेतीत आणि कापसात राहतात, त्यांना वस्ती करायला महिना लागतो आणि तुम्ही रोज त्यांची घरं धुता, असं त्यानं हिंदीत सुनावलं. मग भाऊंनी महिनाभर पेटी माशांवाचून ठेवली. त्या जिवांसाठी रोज चिमूटभर खाणं पाण्यात टाकायचे आणि पुसायचं फडकं दिसलं तर हात राहणार नाही म्हणून ते ट्रंकेत ठेवून कुलूप लावायचे. शेजारचा चंपतराव गल्लीभर सांगत सुटला, "गिरिधर आता पाण्याले जेवू घालते." पण चौथ्या आठवड्यात रुख्मिणीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "काचीवर हिरवं आलं पाहा." भाऊंनी फडकं काढलं नाही. ते नुसते तिच्याजवळ बसून राहिले.

उद्या तीनच मासे यायचे होते. जोखीम नको म्हणून ही प्रोफेसरांच्या माशांच्या पेटीतली, त्या जिवांसकट मुरलेली रेती.

बोलता बोलता शुक्रवारी तलाव आला. काठावर दोन बाया पदरातून गोळ्या काढून टाकत होत्या. भाऊ थांबले. इतका वेळ हातात धरलेला डबा त्यांनी कठड्यावर ठेवला.

"परवा एकादशी आहे, वहिनी."

"हो. उपास आहे ना तुमचा?"

"उपास आहे. पण माह्यं काम अल्लग आहे. म्हणूनच आलो तुमच्यासंगं एवढ्या दूर." ते तलावाकडे पाहत राहिले. "पोथी तुमी वाचता. बाया तुमचं आयकतात. माह्यं काहून आयकतीन? त्याइले सांगा, घरच्या माशाले कणीक चारली तर पाप लागते."

"पोथीत असं कुठे आहे, भाऊ?"

"नसन. तुमी वाचल्यावर अर्थ सांगता ना, त्याच्यात घाला."

प्रेमिलाबाईंनी आजवर पोथीतली एक ओवीसुद्धा गाळली नव्हती, मग पदरची घालणं दूरच.

भाऊ हात जोडून म्हणाले, "दोनच म्हयने, वहिनी. तवरिक पाणी मुरून पक्कं होते. मंग खरं सांगून टाकजा, माह्यं नाव घेऊन."