घरटी एक माणूस

१४ जुलै २०२५ च्या सकाळी ठकुबाई कोर्टाचा कागद घेऊन वेल्ह्यातल्या आमच्या सरकारी दवाखान्यात आल्या. चोरीच्या मालाची किंमत कागदावर ४,७५० रुपये होती. माल म्हणजे बुटांचा एक जोड. गडाखालच्या पाली गावात त्यांच्या पडवीत कुणा ट्रेकरने तो वाळत ठेवला होता, यांनी कणगीत लपवला. पहिलाच गुन्हा, माल परत मिळालेला, किंमत पाच हजारांच्या आत. म्हणून तुरुंगाऐवजी दहा दिवस दवाखान्याची साफसफाई. मी दवाखान्याचा कारकून, म्हणून हजेरी माझ्याकडे आणि शेवटचा दाखलाही माझ्याच सहीचा. दाखला नाही, तर सवलत नाही.

"बूट येवढ्या किमतीचं आसत्यात, मला काय म्हाईत?"

"माहीत असतं तर?"

"हात लावला नसता. आमी काय चोर हाय व्हय?"

माझा विश्वास बसला नाही. रोज जाताना मी त्यांची पिशवी बघत असे. डबाच निघे.

सातव्या दिवशी डोळ्यांपर्यंत पदर ओढून फरशी पुसणारी बाई वेगळी वाटली. ठकुबाईंना उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागे. ही सरसर चालली होती. हाक मारली, तर सून निघाली. प्रेरणा.

"आत्यांनी धाडलंय."

दुसऱ्या दिवशी ठकुबाईंना विचारलं, "काल कुठं होतात?"

"गेनबाच्या भातलावणीला. त्याची माणसं दोन दिस आमच्या खाचरात राबली, फेड नको?"

"आणि इथं सून?"

"घरटी एक माणूस. गावच्या कामाला आसंच देत्यात. सून भोर शहरातली हाय, तिचा हात लावणीला चालत न्हाई. फरशीला चालतो."

"कोर्टानं घराला नाही, तुम्हाला सांगितलंय."

"मंग आता जेल व्हय, भाऊसाहेब?"

त्यांच्याकडून नंबर घेऊन मी गेनबाला फोन लावला. "व्हय, आल्त्या की. दिसभर वाकल्यात," तो म्हणाला. त्यालाही यांनीच पढवलं असेल, असं मनात आलं. मग त्यांचे पाय पाहिले. बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी सोलल्या होत्या.

सातवा दिवस मी गैरहजर मांडला, कोर्टाला खरं काय ते कळवलं आणि एक दिवस वाढवून मागितला. गुरुवारी परवानगी आली.

"उद्या या. स्वतः."

"उद्या गेनबाचं दुसरं खाचर हाय."

"मग तुम्हीच ठरवा."

शुक्रवारी त्या साडेनऊलाच हजर झाल्या. मी चार वेळा जाऊन तोंड बघून आलो. संध्याकाळी दाखल्यावर सही केली.

गेनबाच्या लावणीचा एक दिवस ठकुबाईंकडे अजून बाकी आहे.