कवळीआत्याची अक्कलदाढ

बाजारात भेटणाऱ्या निम्म्या माणसांचं हसू आत्याच्या माडीवरच्या खोलीत तयार झालेलं. मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्या यांच्या संगतीत तिनं चाळीस वर्षं कवळ्या घडवल्या, म्हणून ती सगळ्यांचीच कवळीआत्या. खोलीत नियम एकच, आणि तो मोडणाऱ्याची ती सालटी काढायची: तोंडातून निघालेली वस्तू, दातांच्या मापाचा साचा असो की तुटकी कवळी, आधी नळाखाली, मग जंतुनाशकात, मगच टेबलावर.

अशा बाईचे स्वतःचेच खालचे समोरचे दोन दात हलायला लागले. हिरडी उतरली, आतलं हाड झिजलं. तिचा थोरला भाऊ, दादा, तिनंच केलेली कवळी टकटक वाजवत म्हणाला, "मी म्हणतो, काढून टाक. मी म्हणतो, कवळी घरची, कारागीर घरचा!"

"मी म्हणते, गप्प बस," आत्या त्याच्याच सुरात म्हणाली. "पेरू दिसला की तुझं तोंड कसं होतं, ते रोज बघते मी. दुसऱ्यांच्या तोंडात माझे दात पुष्कळ फिरले. माझ्या तोंडात माझेच राहतील."

तिनं दंत रुग्णालयात चाललेला एक प्रयोग हुडकून काढला. अक्कलदाढ काढायची, तिच्या मुळांना चिकटलेल्या पातळ थरातल्या मूळ पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि हलत्या दातांच्या मुळाशी सोडायच्या. जमलं तर हाड आणि हिरडी दात पुन्हा घट्ट धरतात.

"जमलं तर हं," तरुण डॉक्टरीण प्रत्येक वाक्याला शेपूट लावायची. "पेशी जिवंत राहिल्या तर. वाढल्या तर. त्यात आत्या, तुमचं वय..."

"वय दाढेला विचार."

वरची दाढ दहा मिनिटांत निघाली. ती ट्रेमध्ये ठेवून डॉक्टरीण पेशी जगवणाऱ्या द्रवाची बाटली आणायला वळली. आत्याचा गाल बधिर, तोंडात बोळा; समोर मात्र रक्तानं माखलेला दात. चाळीस वर्षांचे हात ते, कुणाला विचारतात थोडेच! नळाखाली खसाखसा घासून दाढ शेजारच्या जंतुनाशकाच्या डब्यात, बुडुक!

"दाढ कुठंय?" डॉक्टरणीनं विचारलं.

आत्यानं ऐटीत डब्याकडे बोट दाखवलं. मग डॉक्टरणीचा चेहरा पाहिला आणि बोट हळूच खाली आलं. पेशी झाडून सगळ्या मेल्या होत्या.

बाहेर बाकावरून दादा आत डोकावला. "मी म्हणतो, नशिबातच कवळी!"

आत्यानं बोळा थुंकला. "चूक माझ्या हातांनी केली. तिची शिक्षा माझे दात भोगणार नाहीत. अजून एक अक्कलदाढ आहे."

"ती खालची, आडवी, हाडात रुतलेली," डॉक्टरीण म्हणाली. "हिरडी चिरायची, हाड कोरायचं. आठवडाभर तोंड धड उघडणार नाही. आणि एवढं करूनही..."

"जमलं तर. पाठ झालंय माझं."

"आठवडाभर तोंड बंद?" दादा खुलला. "मी म्हणतो, काढाच!"

गालाची सूज उतरल्यावर आत्या पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसली. या वेळी डॉक्टरीण बाटलीचं झाकण आधीच उघडून तयार. आत्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घट्ट दाबले, जबडा वासला आणि डोळ्यांनीच दटावलं: बघतेस काय, लाग कामाला!